आठवा आठवडा

आज सांगलीला फिजिओथेरपीला गेलो होतो. वैरण कापताना विळा डाव्या हातावर बसला आणि अनामिका, करंगळीची शीर तुटली. आपण शीर म्हणतो, डॉक्टर कंडरा म्हणतात, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ऑपरेशननंतर सहा आठवडे स्प्लिंटमध्ये, म्हणजे हात हलू न देणाऱ्या आधारपट्टीत गेले.

टाक्यांच्या जागी नुसती बाही घासली तरी झिणझिण्या यायच्या. आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात, असं करत फिजिओथेरपीच्या ताईंनी आज तिथं कंपनाचं छोटं यंत्र धरलं. पहिली दोन मिनिटं नको वाटलं, नंतर त्या जागेचा हुळहुळेपणा खरंच कमी झाला.

मग त्यांनी हात टेबलावर ठेवून डोळे मिटायला सांगितले आणि यंत्र मनगटाच्या वरच्या बाजूला लावलं. थोड्या वेळात मनगट हळूहळू खाली वाकतंय असं स्पष्ट जाणवलं. डोळे उघडले तर हात जिथल्या तिथं! सेकंदाला साधारण ऐंशी कंपनं मिळाली की स्नायूतल्या ताण मोजणाऱ्या तंतूंना स्नायू ताणला जातोय असं वाटतं, आणि मेंदू हात हलला असं धरून चालतो. दोन महिने आखडून बसलेल्या हाताला हालचालीची आठवण करून द्यायची, एवढंच. तुटलेली शीर यंत्रानं जुळत नाही, हे ताईंनी दोनदा बजावलं. बारा आठवडे होईपर्यंत बादलीसुद्धा उचलायची नाही.

येताना एसटीत करंगळी वाकवत होतो. तळहाताला टेकायला अजून बोटभर अंतर आहे. गेल्या सोमवारी दोन बोटं होतं.