शब्दयादीची सफाई: 'दऱ्या' वाचवताना

ओळी क्रमाने लावणारी सॉर्ट आणि सारख्या ओळी गाळणारी युनिक या लिनक्सच्या आज्ञा लावून मराठी शब्दयादी पूर्ण झाली, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ती झाली नव्हती. यादी चाळताना 'दुसऱ्या' दोनदा दिसला, चार-पाच ओळींच्या अंतराने. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी गाळतं हे खरं, पण सॉर्ट केलेल्या यादीत सारख्या ओळी लांब पडतीलच कशा?

दोन्ही ओळी एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून काढून पाहिल्या. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, युनिकोड क्रमांक यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त, आणि त्यानंतर ई२ ८० ८डी हे तीन बाइट. म्हणजे झेडडब्ल्यूजे, न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्हीकडे तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र, फाइलीत मात्र दोन निराळे शब्द.

मग मी घाई केली. सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने सगळे जोडक एका फटक्यात पुसले आणि ऑक या दुसऱ्या आज्ञेच्या एका ओळीने, जी आधी आलेली ओळ पुन्हा छापत नाही, पुनरुक्ती काढली. यादी बरीच आटली. पण जोडक गेला की उरतो र आणि हलन्त, आणि तो पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं. 'दर्या' यादीत आधीच होता, त्यामुळे डोंगरातल्या दऱ्या समुद्रात मिसळल्या आणि मागे खूणही राहिली नाही. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचंही तेच. सेडला जागेवर बदल करायला सांगताना मूळ प्रत .बॅक नावाने ठेवली होती, म्हणून सगळं परत मिळालं.

आता क्रम असा ठेवलाय. आधी यूकॉन्व या रूपांतराच्या आज्ञेने एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसंध प्रमाण रूप, त्यामुळे र आणि सुटा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असं टंकलेलं असेल तर त्याचा एकसंध ऱ होतो. जोडकाला एनएफसी हात लावत नाही, म्हणून पुढची पायरी सेडची: र, हलन्त, जोडक हे तिन्ही ओळीने आले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. उरलेले जोडक त्यानंतरच पुसायचे. पुनरुक्ती काढणं अगदी शेवटी. प्रत्येक पायरीआधी आणि नंतर ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने त्या तिकडीच्या ओळी मोजतो. सेडनंतर आकडा शून्य यायला हवा आणि ऱ असलेल्या ओळी कमी होता कामा नयेत. झेडडब्ल्यूएनजे, म्हणजे अक्षरं जुळू न देणारा न दिसणारा विभाजक, मात्र तूर्त तसाच ठेवलाय. 'वाङ्‌मय' लिहिताना कुणी तो मुद्दाम घातलेला असतो.

दंड (।) काढायला टीआर ही अक्षरं बदलणारी किंवा पुसणारी आज्ञा वापरू नका. माझ्या लिनक्सवरचं टीआर बाइटवर चालतं, अक्षरावर नाही. '।' म्हणजे ई० ए५ ए४. हे तीन बाइट सुटे धरून ते फाइलभर पुसतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० नेच सुरू होतं, त्यामुळे ओळीच्या ओळी वाचण्यापलीकडे जातात. लोकेल (भाषा आणि लिपीची मांडणी) यूटीएफ-८ असेल तर सेड हेच काम नीट करतं.

कॅरेज रिटर्न (ओळीअखेरचं न दिसणारं विंडोजचं चिन्ह) आणि फाइलीच्या तोंडचा बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) काढणं दोन मिनिटांचं काम होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

विसर्ग अजून सुटलेला नाही. 'दु:ख', 'अंत:करण' यांत कोलन टंकलेला आहे. दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल तर कोलनचा विसर्ग करायचा, हा नियम बहुतेक ठिकाणी चालला आणि '१०:३०' सारख्या वेळाही वाचल्या, कारण अक्षरांच्या पल्ल्यात मी अंक घेतलेच नाहीत. शब्दाच्या शेवटी मात्र पंचाईत आहे: 'स्वत:' मध्ये विसर्ग हवा, 'टीप:' मध्ये कोलनच हवा. हे नियमाने ठरत नाही, म्हणून विसर्गान्त शब्दांची वेगळी फाइल हाताने करतोय. स्वतः, अंशतः, विशेषतः, पुनः झाले. ग्रेपने काढलेल्या ओळींतून आज उरलेले निवडायला बसतो.