हिरवा हौद, अळू आणि कर्दळ

फेब्रुवारीच्या शेवटी परसातला शेवगा वाऱ्यानं बुडातून मोडला. झाड तसं लहानच, पण दुपारभर त्याची विरळ सावली गोल्डफिशच्या हौदावर पडायची. ती गेली आणि सकाळी दहापासून चारपर्यंत सरळ ऊन पाण्यावर यायला लागलं. रंगपंचमीपर्यंत पाणी इतकं हिरवं झालं की दाणे टाकल्यावर मासे तोंड वर काढतील तेवढेच दिसायचे. ताटलीएवढा झालेला आमचा सगळ्यात जुना शेंदरी कॉमेट (लांब शेपटीचा गोल्डफिश) कुठं आहे, याचा पत्ताच लागेना.

मिरजेत ज्यांच्या परसात किंवा गच्चीवर असे हौद आहेत, त्या सगळ्यांना उन्हाळ्यात हेच भोगावं लागतं, आणि सगळीकडे सल्लाही एकच मिळतो. आमच्या शेजारच्या काकांनी तो दिला, "वहिनी, एकदा सगळा हौद उपसा, ब्लीचिंगनं घासा, ताजं पाणी भरा. लख्ख होईल." सल्ला आपुलकीचा होता, पण मी तो मानला नाही. का मानला नाही, ते सविस्तर लिहिते, कारण या एका सल्ल्यापायी दर उन्हाळ्यात कितीतरी मासे मरतात.

मी कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. हौदातलं पाणी बाटलीत भरून नेलं आणि एक थेंब काचपट्टीवर घेतला. चारशे पट मोठं करून बघितल्यावर ते पाणी घाण आहे असं म्हणवेना. क्लोरेला या एकपेशीय शेवाळाचे हिरवे गोल ठिपके सगळीकडे पसरलेले. मध्येच सेनेडेस्मस या दुसऱ्या शेवाळाच्या चार-चार पेशी एकमेकींना चिकटून रांगेत, कडेच्या पेशींना बारीक काटे. त्यांच्यातून वाट काढत एक युग्लिना, हीसुद्धा हिरवी एकपेशीच, गेली, अंग आक्रसत, पुन्हा लांब होत, आणि पुढच्या टोकाला तो तांबडा डोळाठिपका. काचपट्टीची अर्धी बाजू काळ्या कागदानं झाकली, तर थोड्या वेळानं युग्लिना उजेडाच्या बाजूला जमल्या. आमच्या हौदाला झालं होतं ते एवढंच. उजेड भरपूर, खाणं भरपूर, मग ज्यांना वाढायचं ते वाढले.

क्लोरेलाची पेशी २ ते १० मायक्रॉनची. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे मलमल लावा, स्पंज लावा, हे पाणी गाळून निघत नाही. दुकानातला फिल्टर लावूनही हिरवेपणा जात नाही अशी तक्रार बरेचजण करतात, ती त्यामुळेच.

आता खाणं कुठून येतं? थोडंफार नळातून, बरंचसं आपल्या हातातून. दाण्यांत साधारण ३० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. १० ग्रॅम दाणे टाकले की जवळजवळ अर्धा ग्रॅम नायट्रोजन हौदात पडला. त्यातला थोडा माशाच्या अंगी लागतो, बाकीचा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. हौदाच्या भिंतींवर, दगडांवर, फिल्टरमध्ये जिवाणू असतात, ते या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट माशाला फारसं बाधत नाही, पण शेवाळाला ते खतच. आमच्या गल्लीतली पोरं येता-जाता चुरमुरे आणि पोळीचे तुकडे टाकायची, तेही त्याच खात्यात जमा. पोरांना मी ओरडले नाही, बोलावून थेंब दाखवला. आता दाणे टाकायची पाळी त्यांनीच ठरवून घेतलीय, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच. गोल्डफिशला खरं जठर नसतं, एका वेळी जास्त घातलेलं त्याला झेपतही नाही.

तर, हौद उपसून घासला की काय होतं? भिंतींवरचे जिवाणू ब्लीचिंगनं मरतात. मासे अमोनिया सोडतच राहतात, पण तो पचवायला कुणी उरत नाही. जिवाणूंची वसाहत पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, शेवाळ मात्र आठवड्याभरात परत हजर. वर नळाच्या पाण्यात क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी पोचेपर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्यासाठी ते चांगलंच, पण माशाचे कल्ले त्यानं भाजतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ऊसपट्ट्यात शेतातल्या खताचं नायट्रेट त्यात उतरलेलं असू शकतं. मानकात माणसाला पिण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. शेवाळाचं त्याच्या छोट्याशा वाट्यावरही छान भागतं. बोअरचं पाणी भरण्याआधी नायट्रेटची पट्टी बुडवून बघा, फार महाग नसते.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाका, असंही कुणीतरी सांगतंच. द्राक्षबागेमुळे आमच्या भागात घरोघरी मोरचूद सापडतो. त्यानं शेवाळ मरतं यात शंका नाही, पण तांबं माशालाही विषारी आहे, पाणी जेवढं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, तेवढं जास्त. आणि मेलेलं शेवाळ तळाशी बसून कुजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पण पीएच, म्हणजे पाण्याची आम्ल-अल्क पातळी, खाली घसरतो. दोन्ही गोष्टी माझ्या हौदात पडणार नाहीत.

सगळ्यात आधी सावली केली. ५० टक्क्यांची शेडनेट दोन बांबूंवर ताणली, तीही दहा ते चार याच वेळेतलं ऊन अडेल अशी. मग हौदाचं माप घेतलं. ८ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट पाणी, म्हणजे १०० घनफूट. घनफुटात २८.३ लिटर बसतात, तेव्हा पाणी सुमारे २८०० लिटर. हे गणित आधी करा. पंप, औषध, मीठ, सगळं त्यावर ठरतं, आणि डोळ्याचा अंदाज फार फसवतो.

पुढचा उपाय सुचला तो सासूबाईंना. मी त्यांना नायट्रेटचं सगळं समजावत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खतच ना? मग न्हाणीचं पाणी अळू पितंच की, हेपण पिईल."

आपल्याकडे न्हाणीच्या मागं अळू, कर्दळ आणि केळ लावायची पद्धत किती जुनी आहे कोण जाणे. सांडपाणी शुद्ध करायला आज इंजिनिअर जी झाडांची वाफ्याची पद्धत वापरतात, तिच्यातही कर्दळ अनेकदा असते. आमच्याकडे म्हशींच्या काळातली सिमेंटची डोणी रिकामी पडली होती. ती हौदाच्या काठावर विटांवर चढवली. एका टोकाला पंपाची नळी, दुसऱ्या टोकाला काठाखाली दोन बोटं भोक, तिथून पाणी परत हौदात पडणार. आत अर्धा इंची काळी खडी, कच जाईपर्यंत चार पाण्यांनी धुतलेली. तिच्यात न्हाणीमागचे अळूचे कंद आणि कर्दळीचे गड्डे रोवले, मुळांची माती पूर्ण धुऊन. माती ठेवली तर तीच खत सोडते. पंप तासाला १५०० लिटरचा, म्हणजे सगळा हौद दोन तासांत एकदा खडीतून फिरतो. खडीवर जिवाणू बसतात, झाडं नायट्रेट ओढतात, आणि वरून पडणाऱ्या धारेनं पाण्यात हवा मिसळते.

ही धार रात्री बंद करायची नाही. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच खातं. मुळात ३० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना नऊच्या वर. त्यामुळे हिरव्या हौदातले मासे मरतात ते बहुतेक पहाटे. पाच वाजता मासे वर येऊन हवा गिळताना दिसले, तर औषध शोधत बसू नका, आधी पाणी हलवा. वीज गेली असेल तर तांब्यानं पाणी उंचावरून ओता, घरातल्या सगळ्यांना कामाला लावा.

दुपारचा धोका वेगळा. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढतो. आमच्या हौदात सकाळी ७.६ असायचा तो दुपारी चारला ९.१. पीएच साडेसात असताना अमोनियाचा साधारण २ टक्के भाग विषारी रूपात असतो, तो नऊवर गेला की कोमट पाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणून अमोनियाची चाचणी सकाळी करून निर्धास्त राहू नये, दुपारी करावी.

पाणी बदललंच नाही असं नाही. आठवड्याला दहावा हिस्सा, तळाचा गाळ सायफननं ओढून काढला आणि तो कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातला. कढीपत्ता या वर्षी जसा फुटलाय तसा कधी फुटला नव्हता. भरायचं पाणी टाकीत आधी घेऊन त्यात क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे विरघळवले, मगच हौदात. भिंतींवरच्या हिरव्या थराला मात्र हात लावला नाही. तो मासे कुरतडतात, आणि पाण्यातलं तेवढं खतही तो खातो.

प्रगती मोजायला एक पांढरी बशी सुतळीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की सुतळीला गाठ. आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये भूमध्य समुद्राची स्वच्छता अशाच पांढऱ्या तबकड्या सोडून मोजली होती, आणि सरोवरांवर अजूनही ही रीत वापरतात. आमची बशी सुरुवातीला पाच इंचांवर गुडूप व्हायची. पहिले काही आठवडे गाठ हललीच नाही, आणि माणसं धीर सोडतात ते इथंच. मग कर्दळीला नवे कोंब आले, अळूची पानं सुपाएवढी झाली आणि गाठ खाली सरकायला लागली. वैशाखात बशी तळाला टेकली तरी तिच्यावरची निळी नक्षी दिसत होती. तो जुना कॉमेटही दिसला, शेपटीची एक बाजू थोडी फाटलेली, पण मजेत. मला खरंच खूप आनंद झाला.

जलपर्णी लावू का, असं खूपजण विचारतात. नायट्रेट ओढण्यात ती कुणाला हार जात नाही, पण मी लावणार नाही. इचलकरंजीजवळ पंचगंगेचं पात्र उन्हाळ्यात तिनं कसं झाकून जातं ते आम्ही दरवर्षी बघतो. कुणाकडे आधीच असेल तर वाढ काढून उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच खतखड्ड्यात टाका. ओढ्यात, नदीत एक देठही नको. जास्त झालेले गोल्डफिशही नदीत सोडू नका, ओळखीच्यांना द्या.

गच्चीवर जागा नाही, सावली करता येत नाही, अशांनी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा घ्यावा. तो २५४ नॅनोमीटरच्या किरणांनी तरंगणारं शेवाळ मारतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या फिल्टरमध्ये अडकतात. खडीला चिकटलेल्या जिवाणूंना त्याची झळ लागत नाही. दिवा पेटताना दिसला तरी वर्षभरानं त्याचा जोर ओसरतो, तेव्हा नळी बदलावी. बाहेरच्या काचेवर क्षारांचा थर बसतो तो व्हिनेगरनं पुसावा, आणि पेटत्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये. फक्त पाण्यातलं नायट्रेट तो कमी करत नाही, त्यासाठी झाडं किंवा पाणी बदलणं हे लागणारच.

आमच्या अळूचं फदफदं दोनदा झालं. हौदात माशांचं औषध कधी घातलं असेल तर ती पानं खाऊ नका, आम्ही घातलेलं नाही. काकांच्या गच्चीवरच्या टाकीला आता यूव्ही बसवायचाय, आणि त्यांच्या फिल्टरमध्ये टाकायला आमच्या डोणीतली मूठभर ओली खडी मी काढून ठेवलीय, म्हणजे जिवाणू पहिल्या दिवसापासून कामाला लागतील.