एवढं पाणी पिऊनही जंतू वाहून का जात नाहीत?

इंदुरातल्या लॅबमध्ये लघवीची कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लावता लावता माझी वीस वर्षं गेली. लघवीच्या संसर्गाचा रिपोर्ट घेऊन बायका दाराशी थबकतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “ताई, दिवसभर पाणी पिते मी. हे जंतू वाहून कसे जात नाहीत?” परवा रामबागेतल्या एका काकूंनी विचारलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येणारं आपलं शहर, आणि आपणच कुठे अस्वच्छ राहिलो की काय, ही खंत त्यांना होती.

तसं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

हा जंतू बहुतेकदा ई. कोलाय असतो आणि आपल्याच आतड्यातून आलेला असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्याला लांब जावं लागत नाही. पण मूत्राशयात दर दोन-तीन तासांनी पूर येणार. टिकायचं तर काहीतरी घट्ट धरायलाच हवं. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांना पिली म्हणतात. तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं. मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज ही साखर असते, ती फिमएचच्या खोबणीत नेमकी बसते.

आणि ही पकड प्रवाहाने सुटत नाही, उलट आवळते. माझी आजी विहिरीवर घागरीच्या गळ्यात फास टाकायची. रिकाम्या घागरीला तो सैल असायचा, भरलेली वर ओढताना करकचून बसायचा. फिमएचचंही तसंच. लघवीच्या धारेने त्याचे दोन भाग एकमेकांपासून ओढले गेले की खोबण साखरेवर मिटते. तंतू स्वतः स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. ताण आला की उलगडतो, तुटत नाही. इतक्या वर्षांनीही मला याचा अचंबा वाटतो.

नव्याने शिकायला आलेल्या मुलींना मी हे काचेवर दाखवते. ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रवात, दोन दिवस न हलवता वाढवलेल्या ई. कोलायचा एक थेंब, शेजारी पाण्यात कालवलेल्या बेकरीच्या यीस्टचा एक थेंब. यीस्टच्या अंगावरही मॅनोज असतंच. दोन्ही मिसळून काच हळूहळू हलवली की गढूळ थेंब दूध नासल्यासारखा फाटतो, पांढऱ्या कण्या दिसू लागतात. आधी मॅनोज घालून ठेवलं तर कण्या होतच नाहीत, कारण खोबणी अगोदरच भरलेल्या असतात.

मग मॅनोजची पावडरच घेऊ का, हा पुढचा प्रश्न. २०२४ साली ब्रिटनमध्ये वारंवार त्रास होणाऱ्या सुमारे ६०० बायकांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला: फरक पडला नाही. मला फार आशा होती, वाईट वाटलं.

पाण्याचा उपयोग मात्र होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जे जंतू अजून चिकटलेले नाहीत ते वाहून जातात. आपलं मूत्रपिंडही लघवीत एक प्रथिन सोडतं, त्यावर तीच साखर असते; जंतू त्यालाच धरून बसतो आणि त्याच्यासकट बाहेर पडतो. पण काही जंतू धरलेल्या पेशीच्या आत शिरतात आणि तिथेच वाढतात. तिथवर पाणी पोचत नाही, औषधही पुरतं पोचत नाही. पुन्हा उलटण्याचं हे एक मोठं कारण.

“म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?” काकूंनी विचारलं.

नाही चुकलं, काकू. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर कळ आली तर मात्र घरी थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि पुढच्या वेळी गोळी सुरू करण्याआधी, मधल्या धारेचा, म्हणजे सुरुवातीची थोडी लघवी सोडून मग धरलेला, नमुना आणा.

त्या नवी डबी पर्समध्ये टाकूनच गेल्या.