बर्फासाठी जुनी फोर बाय फोर घेताना

ओळखीत कोणी बर्फाच्या दिवसांसाठी सेकंडहँड फोर बाय फोर शोधायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कंपनीची घेऊ? मी आधी उलटं विचारतो, तुझा रोजचा रस्ता कसाय ते सांग. कारण हिवाळ्यातला रस्ता सलग पांढरा नसतोच हो, थोडा बर्फ, मग कोरडं डांबर, मग पुलावर गोठलेला पट्टा, परत डांबर. आता सुझुकी जिम्नीसारख्या पार्ट-टाइम सिस्टीममध्ये, म्हणजे एरवी दोन चाकांवर चालते आणि फोर व्हील हवं तेव्हा आपण टाकायचं अशीत, मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतो, ४एच (नेहमीच्या वेगाचं फोर व्हील) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, पण वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, बर्फावर चाक जरासं घसरून ते भागवून नेतं, कोरड्या डांबरावर मात्र घसरायला वाव नाही आणि सगळा ताण जातो ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर. म्हणजे असल्या मिश्र रस्त्यावर सारखं टू व्हील, फोर व्हील करत बसा. त्यापेक्षा बहुतेक सुबारूंमध्ये असते तशी आपोआप चालणारी ऑल व्हील ड्राइव्ह परवडली. बर्फ न काढलेल्या कच्च्या चढावरच राहत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे ४एल (हळू पण जास्त जोराचं फोर व्हील) असलेलीच घ्या.

आणि एक, चारही चाकांना ताकद मिळते ती निघायला आणि चढायला. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात! थांबवतात ते टायर. साधारण ७ डिग्रीच्या खाली समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं, म्हणून टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का बघा, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर बर्फावरची टेस्ट पास झालेला टायर आहे असं समजू नका. नक्षी ४ मिमीपेक्षा कमी उरली असेल तर बर्फासाठी तो टायर गेलाच म्हणायचा. दोन नवे दोन झिजलेले असतील तर मला लगेच शंका येते, चाकांचा घेर वेगळा झाला की ऑल व्हील ड्राइव्हचं मधलं कपलिंग (पुढची-मागची चाकं जोडणारा भाग) सरळ रस्त्यावरसुद्धा घासत राहतं.

आता गाडीखाली जा. खरंच, चटई टाकून आडवे व्हा. रस्त्यावर मीठ टाकतात तिथली गाडी वरून चकाचक आणि खालून पोखरलेली असू शकते. चेसिसला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, ठण्ण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर हात जोडून निघा. नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर तिथे दोनदा ठोका. ब्रेकचे पाइपही बघा, ते लोक विसरतात.

मग कोरड्या मोकळ्या जागेत ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. गाडी अडखळत, हिसके देत फिरली तर मधलं कपलिंग अडकतंय, टकटक आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा, गेलाय. पार्ट-टाइम असेल तर ही टेस्ट टू व्हीलमध्येच करा, ४एचमध्ये ती चांगली असली तरी अडखळणारच, आणि उगाच नसलेला दोष काढाल. तिचं ४एच, ४एल मातीवर किंवा गवतावर टाकून बघा, दिवा नुसता लुकलुकत राहिला तर ते लागलेलंच नाही. मालक मोठ्या कौतुकाने सांगतो, 'फोर व्हील कधी वापरलंच नाही साहेब', अन् मला तीच भीती वाटते, कारण वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा गंजून जाम होते.

जायच्या आधी फोन करून सांगा, इंजिन थंडच ठेवा, मी आल्यावर चालू करू. तरी बॉनेट गरम लागलं तर कशाला गरम केलं ते विचारा. डिझेल असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून गरम करणारे) आणि बॅटरी थंड स्टार्टलाच उघडी पडतात. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर चिकट वाफ, पायाखालचा गालिचा ओला, म्हणजे हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय, आणि तो बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. भाव ठरवताना चार विंटर टायर आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल हा खर्च आधीच वजा धरा, त्याला मालक तोंड वाकडं करेल, करू द्या.