दुधाळ तेल

रविवार, रात्र

दोनदा साबण लावला, तरी नखांत गिअर ऑइलचा वास आहेच.

वडिलांच्या मॅसी फर्ग्युसन ३५ चं मागचं तेल आज बदललं. इंजिन ऑइल मी कधी चुकवलं नाही, पण मागच्याकडे कित्येक वर्षं पाहिलंच नव्हतं. आणि या ट्रॅक्टरला तर गिअर, डिफरेन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) आणि अवजारं उचलणारी लिफ्ट, सगळ्यांना मिळून एकच तेल. लिफ्ट चालवणारा हायड्रॉलिकचा पंप त्या तेलातच बुडालेला असतो. परवा डिपस्टिक काढली तर तेल दुधाळ, म्हणजे आत पाणी मिसळलेलं! पोटात कालवलं.

ट्रॅक्टर रात्रभर हलवला नव्हता. तेल गरम असताना काढावं हे खरं, पण मला आधी तळाला पाणी किती साचलंय ते पाहायचं होतं. भरायचं बूच पहिल्यांदा सैल करून घेतलं. तेल सांडून बसल्यावर वरचं बूच गंजून धरलेलं निघालं, तर ट्रॅक्टर जागचा हलत नाही. मग खालचं बूच हळूच ढिलं केलं. आधी पाणी आलं, निव्वळ पाणी, पेलाभर तरी असेल. तेल दिसताच बूच आवळलं, ट्रॅक्टर चालवून गरम केला आणि मग सगळं सोडलं. घमेलं लावलं होतं, ते बघता बघता भरलं. तीसेक लिटर तेल असतं, एका भांड्याचं काम नव्हे.

तळाचा गाळ बोटांत चोळून पाहिला. राखाडी, मऊ. धातूचा टोचणारा कण एकही नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पाणी शिरलं गिअरच्या दांड्यातून. बुडाशी असलेलं रबर फाटलं होतं आणि ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर. दांड्यावरून ओघळलेला प्रत्येक थेंब सरळ आत. रबर आधी बदललं, मगच नवं तेल. वाट उघडी ठेवून कितीही चांगलं तेल ओता, पुढच्या पावसात तेच.

डिझेलने धुवायचा सल्ला मिळाला होता, मी मानला नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत ते राहून जातं आणि नवं तेल पातळ करतं. तेलाच्या निवडीवरही बराच विचार केला. जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतलं गंधक जुन्या गिअरबॉक्समधल्या काशा-पितळेच्या बुशांना खातं, आणि फार दाट तेल पंपाला ओढवत नाही. म्हणून गिअर आणि हायड्रॉलिक दोन्हींना चालणारं घेतलं. बुचांना तांब्याचे नवे वॉशर घातले.

भरून झाल्यावर लिफ्ट दहा-बारा वेळा वरखाली केली. सुरुवातीला गचके, मग एकसारखी. वडील लिफ्ट अशीच, हात न काढता, पूर्ण वर जाईपर्यंत बघत राहायचे. मीही तसाच उभा होतो.

जुनं थोडंफार आत राहिलंच असणार. चार दिवस काम करून पुन्हा डिपस्टिक बघायची. रंग फिरला असेल, तर हेही तेल काढून टाकीन.