नोंदणी नामंजूर

आधार केंद्रावर काम करणाऱ्याला नामंजूर नोंदणी म्हणजे डोकेदुखी. माणूस पावती फडकवत परत येतो, चिडतो, आणि पुन्हा दहा बोटं, दोन डोळे, फोटो. त्यामुळे बालगृहातल्या त्या मुलाची नोंदणी परत आली तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. सतराएक वर्षांचा, बोलता न येणारा. लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडलेला. नाव बालगृहानं ठेवलेलं, जन्मतारीख अंदाजानं. दिव्यांग कार्डासाठी आधार हवं म्हणून तिथल्या ताई त्याला घेऊन आल्या होत्या.

पुन्हा केली. पुन्हा तेच, कारण 'डुप्लिकेट'. म्हणजे याच बोटांची, याच बुबुळांची नोंद आधीपासून होती. हरवण्याआधी कुणीतरी याला हाताला धरून एखाद्या केंद्रावर नेलं होतं!

"ताई, याचं आधार निघालेलं आहे. याला घर आहे."

"मग सांगा की कुठं!"

तेच तर आम्हाला दिसत नाही. लोकांना वाटतं, ऑपरेटरपुढे सगळ्या देशाची वही उघडी असते. आम्हाला कळतं ते एवढंच, की नामंजूर. बालगृहाचं पत्र जोडून वरच्या कार्यालयाकडे तगादा लावला. बरेच दिवस गेले. शेवटी जुन्या नोंदणीचा धागा लागला, मुलाचा अंगठा जुळला आणि कागद छापून आला. बिहारमधलं गाव, वडिलांचं नाव, फोटोत सात-आठ वर्षांचं पोर. ताईंना रडू आवरेना. तो मात्र प्रिंटरकडे बघत होता, अजून काही निघतंय का म्हणून.

वडील न्यायला आले तेव्हा बालगृहानं मलाही बोलावलं होतं. तो पेढा मी विसरणार नाही.

2010 साली ब्रिटननं आपलं राष्ट्रीय ओळखपत्र मोडीत काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. देशानं असली नोंद ठेवावी का, हा वाद निघाला की मी 'ठेवावी' म्हणणारा. पण कुलूप लावून. वास्कोतल्या एका लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या तपासात सीबीआयला आधारमधले ठसे हवे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशाविरुद्ध आधार देणारं प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मार्च 2014 मध्ये न्यायालयानं सांगितलं, संमतीशिवाय कुणाचीही माहिती द्यायची नाही. तेव्हा मी भडकलो होतो. असल्या गुन्ह्यात कसली संमती?

मुलाची बातमी गावभर झाली आणि काही दिवसांनी एक माणूस आला. हातात बायकोच्या आधारची झेरॉक्स. ती घर सोडून गेली होती.

"तिनं पत्ता बदललाय का, तेवढं बघा. त्या पोराचं घर शोधलंत ना?"

"दिसत नाही हो मला."

"बरं, मग तिच्या आधारला माझा मोबाईल नंबर तरी जोडून द्या."

काम माहीत असलेला माणूस होता. नंबर त्याचा झाला की ओटीपी त्याच्याकडे, आणि ओटीपी आला की नवा पत्ताही त्याच्याकडे. मी म्हटलं, "त्याला त्यांचा अंगठा लागतो. त्यांना घेऊन या."

झेरॉक्सची घडी करून खिशात घालत तो म्हणाला, "सापडली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मी पुढचं टोकन पुकारलं.