आमची वाटचाल : वणी तालुक्यातलं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान

दुकान आधी रेडिओ-टेप, मिक्सर, टीव्हीचं होतं, बोर्डावर अजूनही तेच लिहिलेलं आहे. छोटे डिजिटल कॅमेरे आमच्याकडे यायला लागले ते शाळेचे मास्तर, ग्रामसेवक आणि इन्शुरन्सवाल्यांमुळे. घरकुलाचे फोटो, नुकसानीचे फोटो, पंधरा ऑगस्टचे फोटो, सगळं त्यावरच व्हायचं, आणि बिघडला की नागपूरला जायचं म्हणजे आख्खा दिवस मोडायचा. तिकडून बहुतेकांना एकच उत्तर मिळायचं की लेन्सचा पूर्ण सेट बदला, आणि तो खर्च ऐकून माणूस कॅमेरा परत पिशवीत टाकून घरी यायचा. मग तो आमच्या काउंटरवर यायचा, भाऊ बघा ना काही होते का म्हणून.

तेव्हापासून आमचा नियम एकच, खोलायच्या आधी तपासायचं, आणि खोलायची गरज नसेल तर पैसे घ्यायचे नाही. कारण डेड म्हणून आलेले बरेच कॅमेरे डेड नसतातच. ‘लेन्स एरर’ दाखवून लेन्स अर्ध्यात अडकली की लोक मोटर गेली समजतात, पण आधी बॅटरी फुल चार्ज करून बघा, लेन्स बाहेर काढायला करंट जास्त लागतो आणि दमलेली बॅटरी नेमकी तिथंच मान टाकते. पेन्सिल सेलवाल्या कॅमेऱ्यात तर साधे स्वस्तातले सेल टाकले की दोन फोटोत बंद, त्याला चांगले अल्कलाइन नाहीतर चार्जिंगचे निकेलवालेच पाहिजे. बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरं चढलं असेल तर कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, बस. ‘कार्ड लॉक’ दाखवते तर कार्डाच्या बाजूचं ते बारीक बटन सरकलेलं असते. आणि एखाद्याचा कॅमेरा 2006 च्या आधीचा असला तर बहुतेक करून तो 2 जीबीच्या वरचं कार्ड ओळखणारच नाही, त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

आता खरी लेन्स जाम. आमच्या भागात एकीकडे कोळशाच्या खाणी, राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या, आणि सीझनला जिनिंगची रुई उडून राहते, हे सगळं लेन्सच्या एकात एक सरकणाऱ्या रिंगांमध्ये जाऊन बसते. आम्ही कॅमेरा तोंड खाली करून धरतो, रिंगांच्या फटीत हातपंप्याने हवा मारतो, मग चालू करून कान लावतो. कर्र कर्र आवाज येते पण रिंग हलत नाही म्हणजे गिअरचा दात गेला किंवा पडल्यामुळे रिंगेची पिन खाचेतून सुटली. आवाजच नाही म्हणजे मोटर किंवा तिला करंट देणारी बारीक तारांची पट्टी. तेल मात्र कोणीच टाकू नका राजेहो, कोणी सायकलचं टाकून आणते, कोणी शिलाई मशीनचं! तेलानं धूळ आणखी चिकटते आणि तेच तेल आत शटरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेच्या, पात्यांवर उतरलं की ती चिकटून बसतात, मग साध्या कामाचं मोठं काम होते.

शटरची ओळख सोपी आहे. घरातले फोटो बरे आणि बाहेर उन्हातले पांढरेफट, आडव्या रेघांचे, म्हणजे शटर बंदच होऊन नाही राहिलं. स्क्रीन काळी पण मेनू व्यवस्थित दिसते, म्हणजे ते उघडत नाही. फोटो जांभळा, वेडावाकडा, वितळल्यासारखा आला तर मात्र सेन्सर, म्हणजे लेन्समागची फोटो टिपणारी चिप. 2005 मध्ये सोनीच्या काही सीसीडी (त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सरचा प्रकार) सेन्सरमधला दोष उघड झाला होता, उष्णता आणि दमटपणात आतलं कनेक्शन सुटायचं, आणि ते सेन्सर बऱ्याच दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यातही होते. तेव्हा कंपन्यांनी फुकट बदलून दिले, आता तसं काही मिळत नाही, तेच मॉडेल भंगारात सापडलं तरच जमते. म्हणून आमच्याकडे बंद कॅमेऱ्यांचे डबे भरून आहेत, मॉडेलनुसार, स्क्रूसुद्धा वेगळ्या डबीत.

दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना पहिला धडा फ्लॅशचा. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 300 व्होल्टच्या आसपास शिल्लक राहू शकते. कव्हर निघालं की रेझिस्टरचे (करंट हळूहळू उतरवणाऱ्या भागाचे) दोन्ही तार त्याच्या टोकांना लावायचे, तेही प्लास्टिकच्या मुठीनं धरून, मीटरवर आकडा शून्याजवळ येईपर्यंत थांबायचं, मगच बोट आत. पोरगं कितीही हुशार असो, हे जमल्याशिवाय त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देत नाही.

मोबाईलमध्ये चांगले कॅमेरे आले आणि हे काम जवळजवळ बसलं. घर मोबाईलच्या डिस्प्लेवर आणि पासपोर्ट फोटोवर चाललं, पण ते डबे विकायचं मन नाही झालं, भंगारवाला दर महिन्याला विचारायचा तरी. आता कॉलेजच्या पोरापोरींना तोच जुन्या सीसीडीचा रंग पाहिजे, घरच्या कपाटातला बाबांचा कॅमेरा घेऊन येतात, यवतमाळ, चंद्रपूरहून फोन येतात. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण त्यातल्या कार्डांवर लहानपणचे वाढदिवस, आजीआजोबा, सगळं अजून असते. फोटो डिलिट झाले असतील तर त्या कार्डावर नवीन एकही काढू नका, तसंच आणा, बरेचदा निघतात.

पार्सलनं पाठवणाऱ्यांनी एवढं करा : कार्ड काढून घरी ठेवा, बॅटरी फुगलेली असेल तर पाठवूच नका, चार्जर सोबत द्या, आणि चिठ्ठीवर लिहा की पडला होता का, भिजला होता का. भिजला असेल तर चालू करून बघू नका, बॅटरी काढा आणि लगेच पाठवा.